काठ जुळतो का, हे डिझायनरलाच बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘आता पुढे काय’ या विषयावर वर्तमानपत्रांत लेख येऊ लागतात. त्यांत वेब डिझायनिंगचं नाव हमखास असतं आणि त्यापुढे ‘कोडिंग शिका’ एवढंच लिहिलेलं असतं. असाच एक लेख वाचून माझ्याकडे डीटीपी शिकायला येणाऱ्या दोन मुलींनी मला विचारलं, “अक्का, आम्हाला रंग कळतो, अक्षर कळतं, मांडणी जमते. कोडिंग जमत नाही. मग आम्ही जन्मभर फ्लेक्स आणि लग्नपत्रिकाच करायच्या का?” त्यांना मी उत्तर दिलं, की वेबसाइटची ‘थीम’, म्हणजे तिचं रूप, डिझायनरलाही करता येतं, कोड येणारं कोणी शेजारी बसलं तर. पण ते उत्तर दुकानातल्या दुकानात राहू नये असं वाटलं. सोलापुरात चित्राचा हात असलेली माणसं कमी नाहीत आणि कोड लिहिणारी मुलंही आता घरोघरी आहेत. या दोघांना एका टेबलाशी बसवायचं काम तेवढं राहिलं आहे.

साखर पेठेत माझं डीटीपीचं दुकान १९९९ पासून आहे. पेजमेकरवर सुरुवात केली, मग कोरल, मग फोटोशॉप. पत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत स्टॉलवाल्यांचे बोर्ड. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीत झालं. वडील, म्हणजे आमचे नाना, चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे.

ग्राफ काढणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं. चौकटीच्या कागदावर नाना एकेक घर रंगवत जायचे. मोराचं पीस असेल तर त्याचा डोळा किती घरांचा, देठ किती घरांचा, सगळं मोजून. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड. कार्डात भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो आणि मधून धोटा आडवा धागा घेऊन पळतो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. एकदा माळ चढली की लाल सूत लावा नाहीतर निळं लावा, नक्षी तीच उमटते. नक्षी वेगळी, सूत वेगळं. हे जकार्डचं तंत्र १८०४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात निघालं आणि पुढे कॉम्प्युटरची पंच कार्डं त्याच्याच कल्पनेवर झाली. आमच्या पेठेतल्या माणसांनी हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या हातानं वापरलं आहे.

ग्राफ पूर्ण झाला की नाना एक गोष्ट कायम करायचे. कागदाची नळी करून त्याची उजवी कड डाव्या कडेला लावून बघायचे. “काठ जुळतो का?” असं स्वतःशीच पुटपुटायचे. कागदावर नक्षी एकदाच काढलेली असते, पण कापडावर ती पुन्हा पुन्हा येणार. कड जुळली नाही तर प्रत्येक जोडावर मोराची मान तुटलेली दिसणार. कागदावर जे दिसत नाही त्याचाही विचार आधी करायचा, हे मी त्या नळीकडे बघून शिकले. वेबसाइटच्या बाबतीत तेच विसरले, आणि त्याची किंमत मोजली.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका शिक्षण संस्थेनं वेबसाइट करायला घेतली. त्यांची माहितीपुस्तिका मीच करत असल्यामुळे ‘वेबसाइटचं डिझाइनही तुम्हीच द्या’ म्हणाले. मी कोरलमध्ये सुंदर पान केलं. वर इमारतीचा फोटो, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रवेश सुरू’, खाली तीन चौकोनांत तीन बातम्या, प्रत्येकीला फोटो. संचालक मंडळाला फार आवडलं. मग ते एका कंपनीकडे गेलं आणि दोन महिन्यांनी साइट सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या क्लार्कनं सूचना टाकली: ‘इयत्ता अकरावी विज्ञान शाखेच्या प्रवेशासाठी मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहण्याबाबत महत्त्वाची सूचना’. अकरा शब्दांचा मथळा. मी जागा ठेवली होती दोन शब्दांना. मोबाइलवर तो मथळा फोटो खाऊन खाली बातमीवर चढला. दुसऱ्या सूचनेला फोटोच नव्हता, तिथे नुसती राखाडी चौकट. तिसरी सूचना म्हणजे एक पीडीएफ, तिला तर माझ्या डिझाइनमध्ये जागाच नव्हती.

त्याहून वाईट अक्षरांचं झालं. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं जरा विरळ ठेवायची फॅशन आहे, तीच सेटिंग मराठीला लागली. परिणाम असा की शिरोरेषा जागोजागी तुटली. ‘महाविद्यालय’ हा शब्द मणी सांडावेत तसा दिसत होता. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकल्या. मी कंपनीत फोन केला, तर उत्तर आलं, “मॅडम, थीममध्ये ते बसत नाही.” थीम काय हेच मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, त्यामुळे पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही. ती साइट अजून तशीच आहे आणि तिच्यावरून जाताना मला अजून वाईट वाटतं, कारण चूक अर्धी त्यांची होती तशी अर्धी माझीही होती.

ज्या वाचकांचा याच्याशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. हल्ली बहुतेक वेबसाइट वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला अशा एखाद्या प्रणालीवर चालतात. मजकूर डेटाबेसमध्ये असतो, तो क्लार्कनं, शिक्षकानं, कोणीही टाकावा. तो दिसणार कसा, हे ठरवणाऱ्या फायलींचा एक वेगळा फोल्डर असतो. तो फोल्डर म्हणजे थीम. थीम बदलली की मजकुराला धक्का न लावता सगळी साइट नव्या रूपात उभी राहते. म्हणजे थीम ही कार्डांची माळ आणि मजकूर हे सूत. हे ज्या दिवशी मला उमगलं त्या दिवशी मी नानांना फोनवर दाखवलं, आणि त्यांनी क्षणाचाही वेळ न घेता विचारलं, “मग मजकूर कितीही आला तरी काठ जुळतो का?”

मला हे शिकवलं आमच्या गल्लीतल्या एका मुलानं. तो पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तेव्हा सोलापुरातूनच काम करायचा. त्यानं मला कोडची एक ओळही आधी शिकवली नाही. पहिल्या दिवशी वही काढायला लावली आणि म्हणाला, “अक्का, पान कसं दिसेल ते नंतर. पानावर काय काय येऊ शकतं ते लिहा.” आम्ही लिहीत गेलो. लांब मथळा. एका शब्दाचा मथळा. फोटो नसलेली बातमी. उभा फोटो, आडवा फोटो, मोबाइलवर काढलेला अंधारा फोटो. आठ रकान्यांचा तक्ता. परिच्छेदच न पाडलेला दोन पानांचा मजकूर. एकही बातमी नसलेला विभाग. शोधून काहीच सापडलं नाही तेव्हाचं पान. चुकीचा पत्ता टाकल्यावर येणारं पान. रात्रीपर्यंत दोन पानं भरली. माझ्या त्या सुंदर डिझाइनमध्ये यातल्या फक्त तीन गोष्टींचा विचार होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक रिकामी वर्डप्रेस साइट उघडली आणि तिच्यात मुद्दाम असा सगळा अवघड मजकूर भरला. वर्डप्रेसवाल्यांची थीम तपासण्यासाठीची तयार मजकुराची फाइल आहे, ती कोणालाही घेता येते, पण ती इंग्रजीत. त्यानं आणि मी मिळून मराठीत आमची स्वतःची केली. त्यात ‘जिल्हास्तरीय’पासून ‘सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तास मान्यता देण्याबाबत’पर्यंत सगळं आहे. संस्थांचे अहवाल पंचवीस वर्षं टाइप केल्यामुळे मला असल्या मथळ्यांची कमी नव्हती. आता मी कुठलंही डिझाइन करताना आधी त्या मजकुरावर चढवून बघते. नानांची नळी ती हीच.

एखाद्या डिझायनरला थीम करायला मदत करायची असेल तर सगळ्यांत मोठी मदत ही आहे. कोडची भाषा शिकवण्याआधी त्याच्या हातात खरा मजकूर द्या. आम्ही प्रिंटची माणसं ठरलेल्या मापाच्या कागदावर, ठरलेल्या मजकुरावर काम करतो. मालक मजकूर देतो, तो आम्ही बसवतो, प्रूफ होतं, छपाई होते, विषय संपला. थीममध्ये मजकूर अजून लिहिलेलाच नसतो. आपण नसताना, पुढच्या वर्षी, आपल्याला न ओळखणारा क्लार्क तो लिहिणार आणि तरी ते पान नीट दिसलं पाहिजे. ही सवय लागायला मला सहा महिने लागले. कोड त्यामानानं लवकर आला.

आणि कोडही आता पूर्वीइतका राहिलेला नाही, हे मुलींना कोणी सांगत नाही. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं, त्यात थीमची सोय २००५ च्या १.५ आवृत्तीत झाली. तेव्हापासून पुढची बरीच वर्षं थीम करायची तर पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा यावीच लागायची. हेडर म्हणजे पानाचा माथा, फूटर म्हणजे पायथा, बातम्यांची यादी, सगळं त्या भाषेत. एक कंस चुकला की पूर्ण साइट पांढरी. डिझायनर चित्र काढून द्यायचा आणि डेव्हलपर ते आपल्या समजुतीनं विणायचा. ड्रुपलमध्येही असंच होतं. तिथे २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून ट्विग नावाची सोपी पद्धत आली, जिच्यात टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, पीएचपी लिहिताच येत नाही, त्यामुळे डिझायनरच्या हातून साइट मोडण्याची भीती कमी झाली. वर्डप्रेसमध्ये २०१८ च्या शेवटी ब्लॉकचा संपादक (एडिटर) आला, म्हणजे मथळा, फोटो, परिच्छेद असे एकेक ठोकळे रचून पान करायची सोय झाली, आणि जानेवारी २०२२ पासून अख्खी थीमच ब्लॉकची करता येऊ लागली. अशा थीमला कमीत कमी दोनच फायली लागतात: थीमचं नाव असलेली एक स्टाइलची फाइल आणि मुख्य पानाचा एक टेम्पलेट. बाकीचं बहुतेक काम पडद्यावर बघत, माऊसनं करता येतं. पडद्यावर केलेले बदल थीमच्या फायलींत उतरवून देणारं ‘क्रिएट ब्लॉक थीम’ नावाचं मोफत प्लगइनही आहे. माझी पहिली थीम मी तशीच केली.

मला सगळ्यांत जवळची वाटली ती थीमची जेसन फाइल. २०२१ पासून वर्डप्रेसनं ती आणली. त्यात आपली रंगपेटी लिहायची, फॉन्ट लिहायचे, अक्षरांची मापं लिहायची, मोकळ्या जागेची मापं लिहायची. रंगाला मराठी नाव देता येतं हे कळल्यावर मी पहिल्यांदा मोरपंखी, डाळिंबी, हळदी आणि सुती पांढरा अशी चार नावं लिहिली. संपादकात रंग निवडायला गेलं की तीच नावं दिसली. चादरीच्या कारखान्यात रंगाला नंबर असतो आणि तोंडी नावही असतं, अगदी तसं. आणखी एक सोय मला फार आवडली. त्या फायलीत एक-दोन ओळी लिहिल्या की पेटीबाहेरचा रंग निवडण्याची सोयच बंद होते. म्हणजे क्लार्कला सूचना लाल, हिरवी, जांभळी अशी रंगवता येत नाही. आपण ठरवलेल्या चार-पाच रंगांतूनच तो निवडतो. छपाईच्या धंद्यात यासाठी मी आयुष्यभर गिऱ्हाइकांशी वाद घातला आहे.

ही फाइल लिहिताना सुरुवातीला स्वल्पविराम जीव घेतो. एक स्वल्पविराम राहिला आणि पूर्ण फाइल वाचलीच जाईना. मी दोन तास रंग बदलत बसले होते, पडद्यावर काहीच बदलेना. त्या मुलानं संध्याकाळी येऊन चूक दाखवली आणि मला असा एडिटर लावून दिला जो चूक झाली की खाली लाल रेघ ओढतो. अशा जागी डिझायनर कोलमडतो आणि ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून उठून जातो. शेजारी बसलेलं कोणीतरी लागतं, ते या दोन मिनिटांसाठी.

मग हळदी रंगाचं प्रकरण. पांढऱ्यावर हळदी रंगाचे मथळे मला कागदावर नेहमी चांगले वाटायचे. नाना आता ऐंशीच्या घरात आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. त्यांना मोबाइलवर साइट दाखवली तर म्हणाले, “वर काही लिहिलंय का?” दुपारच्या उन्हात तर मलाही दिसलं नाही. सोलापूरचं ऊन सांगायला नको. नंतर कळलं की यासाठी जगभर मानलेलं एक माप आहे: साध्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक कमीत कमी ४.५ ला १ असावा. ते मोजणारी साधनं मोफत मिळतात. माझा हळदी त्यात सपशेल नापास झाला. आता तो रंग मी मागे पट्टी म्हणून वापरते आणि अक्षर गडद मोरपंखी.

मराठीसाठी थीम करणाऱ्यानं काय बघावं हे मला कुठे एकत्र वाचायला मिळालं नाही, चुका करत शिकले. म्हणून इथे लिहून ठेवते. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवायचं, शिरोरेषा अखंड राहिली पाहिजे. ओळींमधलं अंतर मी मजकुराला अक्षराच्या पावणेदोन पट ठेवते, मथळ्याला सव्वापटीच्या वर, नाहीतर ‘र्कीं’सारखी अक्षरं कापली जातात. इंग्रजी थीम मथळ्याचं वजन मोठ्या लिपीवर, कॅपिटल अक्षरांवर तोलतात. आपल्या लिपीत कॅपिटल नाही, त्यामुळे ते मराठीत आलं की मथळा आणि मजकूर सारखेच दिसतात. तिथे जाडी, माप किंवा रंगानं फरक करावा लागतो. तिरपं अक्षर वापरू नये. फॉन्टात तिरपं वळण नसलं की ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडं करतो आणि ते पडल्यासारखं दिसतं. वेबसाइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी निवडावी. पुष्कळजण ती इंग्रजीच ठेवतात. ल आणि श यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी आहेत, आणि ज्या फॉन्टात दोन्ही वळणं भरलेली असतात तो पानाची भाषा बघून योग्य ते दाखवतो. आपल्या लहानपणीच्या पुस्तकातला ल पडद्यावर दिसला तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

फॉन्टचा प्रश्न जुन्या डीटीपीवाल्यांना वेगळाच छळतो. आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत आहे. युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षर तेच राहावं म्हणून ठरलेली पद्धत. तो कॉपी करून वेबसाइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो, कारण त्या फॉन्टांनी मराठी चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवली होती. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून, पुन्हा तपासूनच टाकावा लागतो. त्याला दुसरा रस्ता नाही. पण नव्या कामासाठी खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता आहेत. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मी सर्रास वापरते. फॉन्ट थीमच्या फोल्डरमध्येच ठेवता येतो, म्हणजे तो गिऱ्हाइकाबरोबर जातो.

आता सोलापूरचं बोलते. आपली चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. गणवेशाच्या कपड्यांचा धंदा इथे मोठा आहे. डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, शेंगाचटणी, सगळं बाहेर जातं. यांतल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या, कारखानदारांच्या वेबसाइट उघडून बघा. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या बघते. तीच परदेशी विकत घेतलेली थीम, काचेच्या इमारतीचा फोटो, टाय लावून हात मिळवणारी माणसं, आणि खाली कुठेतरी चादरीचा डाकतिकिटाएवढा फोटो. ज्या माणसाच्या कारखान्यात जगातली इतकी देखणी नक्षी रोज विणली जाते, त्याच्या वेबसाइटवर नक्षीचा एक धागा नसावा, याचं मला मनापासून दुःख होतं. त्याला दोष देत नाही. त्यानं साइट दिली कोड लिहिणाऱ्याला, आणि त्यानं जे तयार मिळालं ते लावलं. मध्ये डिझायनरच नव्हता.

मी मागच्या वर्षी टॉवेलच्या एका लहान कारखानदारासाठी थीम केली. नानांच्या जुन्या ग्राफातला एक काठ घेतला, घर न्‌ घर मोजून तो पडद्यासाठी पुन्हा काढला आणि हेडरच्या खाली पट्टी म्हणून लावला. पडदा कितीही रुंद झाला तरी ती पट्टी पुन्हा पुन्हा येत राहते. पहिल्या वेळी एका घराची चूक होती, प्रत्येक जोडावर एक बारीक रेघ दिसत होती. नानांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ती दाखवली. मी एक घर कमी केलं आणि काठ जुळला.

माझं मागणं मोठं नाही. विद्यापीठात, इंजिनिअरिंग आणि कॉमर्स कॉलेजांत, आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकणारी मुलं दरवर्षी प्रोजेक्ट करतात. त्यातले काही प्रोजेक्ट त्यांनी डिझायनरबरोबर जोडीनं करावेत. एका कोड येणाऱ्या मुलानं एका पेंटरबरोबर, एका ग्राफवाल्याबरोबर, डीटीपी करणाऱ्या एका ताईबरोबर बसावं आणि एक थीम पूर्ण करावी. खर्च जवळजवळ नाही. वर्डप्रेस मोफत आहे, त्याचा परवाना खुला आहे, आणि आता ते काही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच उघडून सरावाला वापरता येतं. साधा कॉम्प्युटर आणि नेट पुरतं. शिकवणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगते, की पहिल्या दिवशी आम्हाला पीएचपी दाखवू नका. टेम्पलेट म्हणजे आख्ख्या साडीची मांडणी, हेडर-फूटर हे काठ, पॅटर्न म्हणजे बुट्टी, असं आमच्या धंद्यातल्या शब्दांत सांगा. आम्ही पटकन धरतो.

संस्था आणि कारखानदारांनाही एक विनंती. वेबसाइटचं काम देताना डिझाइनचे पैसे वेगळे धरा आणि काम संपल्यावर थीमचा फोल्डर, रंगांची यादी, फॉन्टच्या फायली लेखी मागून घ्या. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं ‘आमची साइट करणारा फोन उचलत नाही’ म्हणून येतात आणि त्यांच्याकडे पासवर्डही नसतो. आणि आयत्या थीममध्ये बदल करून घेत असाल तर ते चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर बसणाऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये, करून मागा, नाहीतर मूळ थीमची नवी आवृत्ती आली की तिच्या फायलींत केलेले सगळे बदल पुसले जातात. एका पतसंस्थेचं सगळं हिरवं रूप माझ्या डोळ्यांदेखत एका क्लिकनं निळं झालेलं मी पाहिलं आहे.

त्या दोन मुली आता दर शनिवारी संध्याकाळी दुकानात बसतात. एकीची पहिली थीम झाली आहे, तिच्या मामांच्या भांड्यांच्या दुकानाची. दुसरी अजून मोबाइलवरच्या मेनूशी झटते आहे. गल्लीतला तो मुलगा पुण्याला परत गेला, पण अडलं की व्हिडिओ कॉलवर येतो. दुकानात आणखी चार खुर्च्या मावतात. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी यावं, आणि ज्यांना कोड येतो त्यांनी तर नक्की यावं, शिकवायला. आमची मराठी मजकुराची तपासणी फाइलही मी पेनड्राइव्हवर कोणालाही देते. तीत उर्दू आणि कन्नड मथळे अजून नाहीत. सोलापूरच्या वेबसाइटला ते कधी ना कधी लागणारच. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तिथे माझ्या थीमचा काठ जुळतो की नाही ते मला अजून बघायचं आहे. उर्दू किंवा कन्नड लिहिणारं कोणी हे पत्र वाचत असेल तर त्यांनी वीस-पंचवीस खरे मथळे लिहून आणून द्यावेत.

आपली नम्र,
एक डीटीपी व थीम डिझायनर,
साखर पेठ, सोलापूर